रीलोड केलेली काडतुसं चेंबरमध्ये घट्ट बसतायत? डाय फिरवण्याआधी अडतंय कुठे ते शोधा

काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी ते बसतं ती जागा) घालताना बोल्ट पुढे जातो, हँडल खाली घ्यायला गेलं की शेवटी शेवटी अडतं, तळव्याने जोर दिला की बसतं, आणि त्याच डब्यातलं पुढचं काडतूस मात्र अलगद आत जातं. बोल्ट अॅक्शन रायफलसाठी घरी रीलोड करणाऱ्या, म्हणजे वापरलेल्या पितळी केसमध्ये नवा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर आणि बुलेट भरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतंच, आणि एकदा सुटलं असं वाटलं तरी त्याच केसेस दोन-चार वेळा वापरल्या की परत हजर होतं. याच्यावर सगळीकडे ऐकू येणारा सल्ला एकच, डाय (हाताच्या प्रेसमध्ये बसवलेला साचा, जो वापरलेली केस साइझ करतो, म्हणजे दाबून परत मापावर आणतो) अजून अर्धा फेरा खाली घे. माझा या सल्ल्यालाच आक्षेप आहे. घट्ट बसण्याची कारणं निदान आठ-दहा आहेत आणि त्यातल्या अर्ध्यांचा साइझिंग डायशी काही संबंधच नसतो, त्यामुळे आधी काडतूस नक्की कुठे घासतंय ते शोधायचं आणि मगच पान्याला हात लावायचा.

अर्धा फेरा म्हणजे किती ते एकदा नीट बघा. बहुतेक रीलोडिंग डायचे आटे ७/८ इंच व्यासाचे आणि इंचाला १४ असतात, म्हणजे पूर्ण एका फेऱ्याला डाय साधारण ७१ थाऊ खाली येते (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपमध्ये म्हणतात तोच). अर्धा फेरा झाला ३५ थाऊ. आपल्याला शोल्डर (केसची बॉडी अरुंद होत नेकला, म्हणजे बुलेट धरणाऱ्या भागाला, मिळते तो उतार) मागे ढकलायचा असतो एक-दोन थाऊ. एक थाऊ म्हणजे डायचा जेमतेम ५ अंशाचा फेरा, घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या एका घरापेक्षाही कमी. तेव्हा अंदाजाने अर्धा फेरा दिला आणि काडतूस सटकन आत गेलं तर प्रॉब्लेम सुटला असं समजू नका, बऱ्याचदा शोल्डर गरजेपेक्षा खूप मागे गेलेला असतो. मग फायर झाल्यावर केसचा पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला चिकटतो, मागचा भाग बोल्ट फेसला (बोल्टच्या पुढच्या सपाट तोंडाला) टेकायला मागे सरकतो, आणि मधलं पितळ दर वेळी ताणलं जाऊन पातळ होतं. बुडाच्या थोडं वर चकचकीत गोल रेघ दिसायला लागते आणि काही फायरिंगनंतर केस तिथूनच तुटते, पुढचा तुकडा चेंबरमध्ये आणि गॅस मागे तुमच्या दिशेला. घट्ट काडतुसाचा त्रास घालवायला गेलो आणि हे घेऊन आलो, असं व्हायला नको.

पुढे जाण्याआधी सेफ्टीचं, आणि हे अगदी मनापासून सांगतोय. जिवंत काडतूस घट्ट जात असेल तर बोल्ट जबरदस्तीने बंद करायचा नाही आणि बंद झालाच तर 'बघू काय होतं' म्हणून फायर करायचं नाही. का घट्ट आहे ते माहीत नसताना प्रेशर किती होईल तेही माहीत नसतं, काही कारणांमध्ये ते धोकादायक वाढतं, ती खाली येतीलच. नळी सुरक्षित दिशेला ठेवून बोल्ट हळू उघडायचा. काडतूस आत अडकून बसलं आणि निघतच नसेल तर मझलमधून (नळीच्या पुढच्या तोंडातून) रॉड घालून ठोकायचा नाही, गनस्मिथकडे द्यायचं. आणि खाली ज्या ज्या चाचण्या सांगतोय त्या सगळ्या रिकाम्या केसवर किंवा डमीवर करायच्या, म्हणजे प्रायमर नाही, पावडर नाही. डमीला मार्करने सगळीकडून रंग द्या किंवा बाजूला भोक पाडा म्हणजे चुकूनही खऱ्यात मिसळणार नाही.

आता पहिली गोष्ट, हाताला नक्की काय जाणवतंय. बोल्ट पुढे ढकलतानाच अडत असेल, म्हणजे हँडल वळवायची वेळच येत नसेल, तर काडतूस चेंबरमध्ये पूर्ण गेलेलंच नाही, अशा वेळी संशय बॉडीच्या जाडीवर, बुलेट खूप बाहेर असण्यावर, नाहीतर शोल्डरशी फुगवटा आल्यावर. बोल्ट पुढपर्यंत नीट गेला आणि हँडल खाली घेतानाच जोर लागतोय तर बहुतेक वेळा लांबीचा मामला असतो, शोल्डर पुढे राहिलाय, केस लांब झालीय किंवा बुलेट रायफलिंगला (नळीतल्या पिळाच्या खाचांना) टेकतेय. लग्जच्या, म्हणजे बोल्ट अडकवणाऱ्या दातांच्या, तिरप्या कडेने (कॅमने) काडतूस शेवटचा थोडासा भाग पुढे ढकललं जातं ना, तिथेच हे जाणवतं. काडतूस बाहेर काढताना घट्ट, आत जाताना नाही, असं असेल तर तो वेगळाच विषय आहे, त्यात प्रेशरपासून बघावं लागतं, या लेखात तो घेत नाही.

दुसरी गोष्ट, आणि हीच सगळ्यात जास्त कामाची, टप्प्याटप्प्याने बघायचं. बोल्टमधून फायरिंग पिन असेंब्ली काढा, प्लंजरवाला इजेक्टर (केस बाहेर फेकणारी स्प्रिंगवाली पिन) असेल तर तोही काढा, कारण ती स्प्रिंग असेपर्यंत हाताला खरं काही कळत नाही. असा मोकळा बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद केला की हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवं, पडत नसेल तर घाण किंवा ग्रीस आहे, आधी ते साफ करा. मग साइझ केलेली, डीप्राइम केलेली (प्रायमर काढलेली) रिकामी केस घाला. हँडल तसंच पडलं तर साइझिंग ठीक आहे, दोष पुढच्या कुठल्यातरी पायरीवर आहे. मग त्याच केसमध्ये फक्त बुलेट बसवा, पावडर-प्रायमर नाही, आणि परत बघा. आता अडायला लागलं तर सीटिंग (बुलेट नेकमध्ये बसवणं) किंवा क्रिंप (नेकचं तोंड बुलेटवर आवळणं) किंवा बुलेटची लांबी. आणि रिकामी केसच अडत असेल तर बुलेट-बिलेटचा विचार बाजूला ठेवून साइझिंगकडे या. एवढं केलं की अर्धी कारणं दहा मिनिटांत बाद होतात. मला कळत नाही लोक हे सोडून थेट डायचा लॉक नट का सोडवतात.

घासतंय कुठे ते डोळ्यांनी बघायचं असेल तर केसला काळ्या परमनंट मार्करने बुडापासून नेकपर्यंत रंगवा, सुकू द्या, चेंबरमध्ये घालून बोल्ट एकदाच बंद करून उघडा, केस आत गोल फिरवू नका. जिथे रंग खरवडलेला दिसेल ती जागा. शोल्डरवर गोल पट्टा उठला तर शोल्डर पुढे आहे, बुडाच्या वर पट्टा उठला तर बॉडी जाड, नेकच्या तोंडाच्या कडेलाच उठला तर लांबी, नेकवर सगळीकडून उठला तर नेकची जाडी. मेणबत्तीची काजळी धरूनही होतं हे, पण मार्कर स्वच्छ पडतो. काजळी धरली तर नंतर चेंबर पुसायला विसरू नका.

आता साइझिंगकडे, कारण बहुतेकांचं दुखणं तिथेच निघतं. फक्त नेक साइझ करत असाल तर उत्तर सोपं आहे, प्रत्येक फायरिंगला केस चेंबरच्या मापाला थोडी थोडी अजून भरत जाते आणि काही फेऱ्यांनंतर ती तुमच्या स्वतःच्याच चेंबरमध्ये घट्ट होते, तेव्हा एकदा बॉडी डायने (बॉडी आणि शोल्डर दाबणारी) किंवा फुल लेंग्थ डायने (नेकसकट सगळी केस दाबणारी) मागे आणावीच लागते. यात काही बिघडलेलं नाही, नेक साइझिंगचं असंच असतं.

फुल लेंग्थ डाय वापरूनही घट्ट, हा मात्र लोकांना चक्रावणारा भाग. 'मी तर साइझ केलंय, उलट आधी होती त्यापेक्षाही घट्ट झाली' असं कोणी म्हणालं की त्यावर विश्वास ठेवा, कारण हे खरंच होतं. डाय पूर्ण खाली नसेल तर ती आधी केसची बॉडी बाजूंनी दाबते, आणि दाबलेलं पितळ कुठेतरी जाणारच, ते पुढे सरकतं, म्हणजे शोल्डर पुढे येतो. डायचा शोल्डर केसच्या शोल्डरला भिडायच्या आधीच तुम्ही थांबलात तर हातात येते ती फायर केलेल्या केसपेक्षाही लांब शोल्डरची केस. समजा कंपॅरेटरवर (बुडापासून शोल्डरपर्यंतचं अंतर मोजायचा कॅलिपरचा जोड) फायर केलेली केस १.६२८ इंच दाखवतेय. डाय थोडी वर ठेवून साइझ केली की तीच केस १.६३१ दाखवेल. डाय जरा खाली घेतली की १.६३०, अजून जरा की १.६२८, म्हणजे परत होतो तिथेच, आणि त्याच्याही पुढे थोडं गेलं की १.६२६, आता कुठे खरे दोन थाऊ बंप, म्हणजे शोल्डर मागे जाणं, मिळाला. मधल्या टप्प्यावर थांबणारा माणूस बरोबरच म्हणत असतो की साइझ करून घट्ट झाली. आणि म्हणूनच 'साइझ केली' या शब्दाला काही अर्थ नाही, माप घेतलं का ते विचारायचं.

माप घ्यायला डिजिटल कॅलिपर आणि हेडस्पेस कंपॅरेटर लागतो. हॉर्नडीच्या सेटमध्ये अक्षरांचे बुशिंग येतात, .३०८ विंचेस्टर आणि .२४३ ला डी म्हणजे ०.४०० इंचाचं, .३०-०६ ला सी म्हणजे ०.३७५ चं, .२२३ ला ए म्हणजे ०.३३० चं. आकडा नेमका पुस्तकातल्याशी जुळला नाही तरी घाबरू नका, आपल्याला फक्त तुलना करायची आहे, फायर केलेली केस किती आणि साइझ केलेली किती. फायर केलेल्या केसचं माप घेण्याआधी प्रायमर काढून टाका, वापरलेल्या प्रायमरची कड जरा जरी बाहेर आली असेल तरी माप चुकतं. आणि एकदाच फायर झालेल्या केसवर फार विसंबू नका, ती चेंबरला पूर्ण भरलेली असेलच असं नाही, दोन-तीनदा फायर झालेली, बोल्ट बंद करताना थोडी जाणवणारी केस मिळाली तर तोच तुमच्या चेंबरचा खरा आकडा. बोल्ट रायफलला त्याच्यापेक्षा एक ते दोन थाऊ मागे पुरतं. सेमी ऑटोला तीन-चार थाऊ ठेवा, तिथे बोल्ट बंद करायला तुमचा हात नसतो.

डाय शेल होल्डरला (प्रेसमध्ये केसचं बूड धरणारा तुकडा) टेकवली, माहितीपत्रकात सांगितलं तसा खाली अजून थोडा फेरा दिला, तरी शोल्डर हलत नाही, असंही होतं. इथे प्रेसकडे बघा. केस डायमध्ये असताना, हँडल पूर्ण खाली असताना, डायचं तोंड आणि शेल होल्डर यांच्यामध्ये उजेड दिसतो का? रिकामी असताना टेकणारी डाय केस दाबायच्या जोराने उचलली जाते, प्रेसची फ्रेम, लिंकेज, आटे सगळं जरासं ताण घेतं, आणि ते जे दोन-तीन थाऊ उघडे राहतात तेवढाच तुमचा शोल्डर पुढे राहतो. हलक्या अॅल्युमिनियम प्रेसवर हे जास्त. मोठ्या केसवर अजून जास्त. उपाय म्हणजे उजेड दिसायचा बंद होईपर्यंत डाय घड्याळातल्या मिनिटाच्या एका घराएवढी फिरवून खाली घेत जायचं, दर वेळी मापत.

ल्यूब पण याच ठिकाणी. एका केसला भरपूर, दुसरीला जेमतेम, मग एक सहज जाते, दुसरी घासत जाते, जोर वेगळा, प्रेसचा ताण वेगळा, आणि शोल्डर दोन-तीन थाऊंनी इकडे तिकडे. डब्यातली काही काडतुसं घट्ट आणि काही सैल, याचं सगळ्यात कॉमन कारण मला तरी हेच दिसलंय, त्यानंतर वेगवेगळ्या वेळा फायर झालेलं पितळ एकत्र केलेलं. प्रत्येक फायरिंग आणि साइझिंगने पितळ कडक होत जातं, आणि कडक पितळ डायमधून बाहेर आलं की स्प्रिंगसारखं परत उघडतं. त्यामुळे एकच डाय सेटिंग नवीन केसला बरोबर आणि सहाव्यांदा वापरलेल्या केसला कमी पडतं. हँडल खाली गेल्यावर दोन-तीन सेकंद तिथेच धरून ठेवायचं, हवं तर केस शेल होल्डरमध्ये अर्धी फिरवून परत एकदा साइझ करायची, आकडे बरेच सारखे यायला लागतात. नेक आणि शोल्डर अॅनील करत असाल, म्हणजे तापवून मऊ करत असाल, तर अजूनच बरं. ल्यूब जास्तही नको मात्र, शोल्डरवर साचलं की खळगे पडतात.

टेकलेली डाय, न दिसणारा उजेड, बरोबर ल्यूब, तरीही घट्ट, असं झालं तर तुमचं चेंबर किमान मापाचं आणि डाय जराशी मोठी अशी जोडी जमलीय. शेल होल्डरचा वरचा भाग एक-दोन थाऊ घासून घेणारे लोक आहेत, तो मार्ग चालतो, पण तो शेल होल्डर मग फक्त त्याच डायसाठी, त्याच्यावर खूण करून ठेवा, दुसऱ्या रायफलच्या केसेस त्यात घातल्या तर शोल्डर फार मागे जाईल. याच्या उलट ज्यांची डाय टेकवली की शोल्डर नको तेवढा मागे जातो त्यांच्यासाठी रेडिंगचे दोन-दोन थाऊंनी उंच होत जाणारे शेल होल्डर मिळतात, डाय टेकलेलीच ठेवायची आणि बंप शेल होल्डरने ठरवायचा, मला ही पद्धत सेटिंग वर-खाली करत बसण्यापेक्षा जास्त आवडते कारण जोर दर वेळी सारखा लागतो.

मार्करचा पट्टा बुडाजवळ उठला असेल तर शोल्डर कितीही मागे ढकला, फरक पडणार नाही. हे पितळ बहुतेक वेळा दुसऱ्या रायफलमध्ये फायर झालेलं असतं, उचलून आणलेलं, किंवा मोठ्या चेंबरच्या सेमी ऑटोमधलं. बुडाजवळ भिंत जाड असते, साधी डाय तिथपर्यंत पोचते पण पुरेशी दाबत नाही. यासाठी स्मॉल बेस डाय असते. एकदा त्यातून काढा, मग पुढे तुमच्याच रायफलमध्ये फायर होत राहिलं तर साध्या डायवर भागेल. बेल्टेड मॅग्नमवाल्यांना (बुडाशी जाड पट्टा असलेली काडतुसं) बेल्टच्या लगेच वर असाच फुगवटा येतो, साधी डाय तिथे पोचत नाही, त्याला वेगळी कॉलेट डाय घ्यावी लागते. इथे एक सांगायचं राहून जातं, विल्सनसारखं केस गेज शोल्डर आणि लांबी बघतं, बॉडीची जाडी बघत नाही, त्यामुळे 'गेजमध्ये तर नीट बसतेय' आणि 'रायफलमध्ये अडतेय' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता बुलेट बसवल्यावरच सुरू होणारं. यात एक कारण इतकं लपलेलं असतं की माणूस आठवडेच्या आठवडे साइझिंग डाय फिरवत बसतो. सीटिंग डायमध्ये क्रिंपची पायरी असते. डाय जरा जास्त खाली बसवली असेल किंवा काही केसेस इतरांपेक्षा लांब असतील तर क्रिंपची पायरी नेकच्या तोंडाला दाबत राहते, नेकला वळायला जागा संपते आणि तो जोर खाली शोल्डरवर जातो. शोल्डर आणि बॉडी जिथे मिळतात तिथे बारीक फुगवटा येतो, डोळ्यांनी सहसा दिसतही नाही, पण बोटाच्या नखाने वरून खाली ओढलं तर लागतो, आणि मायक्रोमीटरने बुलेट बसवण्याआधी आणि नंतर शोल्डरच्या लगेच खालचा व्यास मोजला तर एक-दोन थाऊ वाढलेला सापडतो. एवढ्याने काडतूस अडतं. उपाय: शेल होल्डरवर केस ठेवून प्रेसचा रॅम (दांडा) वर, डाय खाली घेत क्रिंप लागेपर्यंत आणायची, मग तिथून एक पूर्ण फेरा वर, लॉक करायची, आणि बुलेटची खोली फक्त सीटिंग स्टेमने ठरवायची. क्रिंप हवाच असेल तर वेगळ्या पायरीत, वेगळ्या डायने, आणि सगळ्या केसेस एका लांबीला ट्रिम केल्यावरच. नेकच्या तोंडाला आतून चॅम्फर (तिरकी कड) केलेला नसेल आणि बुलेट सपाट बुडाची असेल तरी बसवताना असाच जोर खाली जातो.

बुलेटच्या लांबीचं. मॅन्युअलमध्ये दिलेली एकूण लांबी ही त्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या बुलेटसाठी असते. .३०८ ची सामीची (काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकन संस्था) कमाल एकूण लांबी २.८१० इंच, म्हणून प्रत्येक बुलेट २.८१० ला बसवली की झालं, असं नाही. टोकाचा रायफलिंगशी संबंध नाही, संबंध आहे ओजाइव्हचा, म्हणजे बुलेटच्या वळणावरची ती जागा जिथे जाडी इतकी होते की ती रायफलिंगला पहिल्यांदा टेकते. गुबगुबीत नाकाची बुलेट २.८१० ला रायफलिंगमध्ये घुसलेली असू शकते आणि लांब निमुळती बुलेट त्याच लांबीला आरामात मागे असू शकते. बुलेट बदलली, लॉट बदलला, की डमी करून परत बघा. डमीच्या बुलेटला मार्कर लावा, रायफलिंगच्या चौकोनी खुणा वळणावर सारख्या अंतराने उमटल्या तर टेकतेय. मग सीटिंग स्टेम थोडा थोडा खाली घेत खुणा जाईपर्यंत या, आणि त्याहून अजून काही थाऊ आत बसवा.

हे सोडून देण्यासारखं नाही. रायफलिंगमध्ये रुतलेल्या बुलेटने सुरुवातीचं प्रेशर वाढतं, जो लोड एरवी ठीक होता तो जास्त होऊ शकतो. शिवाय न फायर करता काडतूस बाहेर काढायला गेलात तर बुलेट नळीतच अडकून केस मोकळी हातात येते आणि पावडर सगळी अॅक्शनमध्ये, ट्रिगरमध्ये सांडते. असं झालं तर ती बुलेट नळीतून निघाल्याची खात्री होईपर्यंत, पावडरचा प्रत्येक दाणा साफ होईपर्यंत, त्या रायफलमध्ये दुसरं काडतूस जायला नको.

केसच्या लांबीचंही तसंच, दिसायला बारीक, परिणाम मोठा. साइझ करताना पितळ पुढे वाहतं, नेक लांब होतो. .३०८ ला कमाल २.०१५ इंच, ट्रिम २.००५ ला. .३०-०६ ला २.४९४ आणि २.४८४. .२२३ ला १.७६० आणि १.७५०. कमालच्या वर गेलेल्या केसचं तोंड चेंबरच्या नेकच्या पुढच्या कडेला टेकतं, बोल्टने ढकललं की तिथेच दाबलं जाऊन बुलेटला आवळतं, फायर करताना नेकला उघडायला जागा नाही, आणि प्रेशर उसळतं. घट्ट बोल्टला जोर लावू नका असं वर म्हटलं त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. लांबी साइझिंगनंतर मोजायची, आधी नाही.

नेक जाड होण्याची कारणं दोन, एक म्हणजे जाड भिंतीचं पितळ घट्ट नेकच्या चेंबरमध्ये, दुसरं म्हणजे नेक आणि शोल्डरच्या सांध्यावर आतून येणारी पितळाची गोल कड, तिला सगळे डोनटच म्हणतात. लहान कॅलिबरची केस मोठी केलीय, किंवा पितळ बरंच जुनं आहे, तर ही येते. फायर केलेल्या केसमध्ये नवीन बुलेट हाताने सोडून बघा, सांध्याशी येऊन अडकली तर डोनट आहे, रीम (आतून तासणं) किंवा नेक टर्न (बाहेरून तासणं) करायला लागेल, नाहीतर बुलेटचं बूड त्या कडेच्या वर राहील अशी बसवा. फायर केलेल्या नेकमध्ये बुलेट मुळात शिरतच नसेल तर नेकला चेंबरमध्ये मोकळीक नाही, तो पितळाचा लॉट वापरू नका.

राहिलेल्या गोष्टी पटकन. प्रायमर बाहेर राहिला असेल तर हँडल शेवटी अडतं, टेबलावर काडतूस उभं करून डगमगतं का बघा, प्रायमर केसच्या बुडाच्या ३ ते ५ थाऊ आत हवा, सेमी ऑटोमध्ये तर हे फारच महत्त्वाचं, बोल्ट आपटताना बाहेर आलेला प्रायमर पेटू शकतो. रिमला एक्सट्रॅक्टरने (केस बाहेर ओढणारी आकडी) उठवलेली बर (धातूची खरखरीत कड) असेल तर बारीक कानशीने हलकेच घ्या, एक्सट्रॅक्टरच्या खाचेत बर असेल तरी तेच. चेंबरमध्ये नेकच्या पुढे कार्बनची कडी साचते, तिच्यामुळे बरोबर लांबीची केससुद्धा लांब असल्यासारखी वागते, बोअरस्कोप असेल तर दिसते, नसेल तर कार्बन सॉल्व्हंट आणि चेंबर ब्रश. आणि रायफलवरच संशय असेल तर गो गेज (चेंबरची किमान लांबी तपासायचं माप) घ्या, .३०८ चं १.६३० इंचाचं, मोकळ्या बोल्टने त्याच्यावर बंद व्हायला पाहिजे. त्याच्यावरच अडत असेल तर रीलोडिंगला दोष देण्यात अर्थ नाही, चेंबर दाखवून घ्या.

भरून झालेला डबाच घट्ट निघाला तर काय, हे बरेच जण विचारतात. भरलेलं काडतूस साइझिंग डायमध्ये किंवा बॉडी डायमध्ये घालून 'जरा दाबून' घेऊ नका, जिवंत प्रायमर आणि पावडर असलेली वस्तू प्रेसमध्ये जोराने दाबायची नसते, आणि नेकमधली बुलेटची पकडही बिघडते. फक्त बुलेट बाहेर असणं एवढंच कारण असेल आणि ते डमीवर पक्कं केलं असेल तर सीटिंग डायमध्ये थोडी आत बसवता येते, तेही तो लोड कमी लांबीला पुस्तकाच्या मर्यादेत बसत असेल तरच, कारण बुलेट आत गेली की केसमधली जागा कमी होते. बाकी सगळ्या कारणांसाठी पुलर (बुलेट ओढून काढायचं हत्यार) घ्या आणि उघडा. वेळ जातो, पण बुलेट, पावडर आणि केस तिन्ही परत मिळतात, पावडर कोणती ते तुमच्या नोंदीत नक्की असेल तरच वापरा, शंका असेल तर टाकून द्या.

आणि परत परत येणाऱ्या दुखण्यासाठी डब्यावर तीन गोष्टी लिहायच्या, किती वेळा फायर झालंय, फायर केलेल्या केसचं कंपॅरेटर माप, साइझ केल्यानंतरचं माप. डब्यातली तीन-चार केसेस दर वेळी साइझ केल्यावर मापायची, सगळ्या नाही मापल्या तरी चालेल. आकडा एका थाऊने जरी पुढे सरकायला लागला तरी तिथेच कळतं की पितळ कडक होतंय, आणि डाय तेव्हा ५ अंश फिरवली की पुरते. अॅनील केलं असेल त्या वेळी मात्र उलटं होतं, मऊ झालेला शोल्डर त्याच सेटिंगवर जास्त मागे जातो, म्हणून अॅनीलिंगनंतरची पहिली केस साइझ करून मापल्याशिवाय पुढची डायमध्ये घालू नका.